ध्रुव पदक

ध्रुव पदक : (पोलर मेडल). उत्तर व दक्षिण ध्रुवीय प्रदेशांच्या समन्वेषणात आणि तेथील वैज्ञानिक संशोधनात उल्लेखनीय कामगिरी करणाऱ्यांना ब्रिटिश राजसत्तेकडून दिले जाणारे अष्टकोनी पदक. कॅप्टन रॉबर्ट फॉल्कन स्कॉट (१८६८–१९१२) याच्या नेतृत्वाखालील ‘डिस्कव्हरी’ जहाजावरील अंटार्क्टिक मोहिमेच्या गौरवार्थ सातव्या एडवर्ड राजाने ते १९०४ मध्ये सुरू केले.

पूर्वपीठिका : या पदकाचे मूळ एकोणिसाव्या शतकातील आर्क्टिक पदकांत आहे. अटलांटिक व पॅसिफिक महासागरांना जोडणाऱ्या वायव्य मार्गाच्या शोधासाठी सर जॉन फ्रँक्लिन १८४५ मध्ये ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन निघाला. परंतु मोहिमेतील १२९ जणांपैकी एकही परतला नाही. त्यांच्या शोधार्थ अनेक मोहिमा पाठविण्यात आल्या. या मोहिमांत व तत्पूर्वीच्या आर्क्टिक सफरींत भाग घेतलेल्यांसाठी १८५७ मध्ये ‘१८१८–१८५५’ असा कालखंड अंकित केलेले रौप्यपदक काढण्यात आले. तेही अष्टकोनी असून त्याची फीत पांढरी होती. हुद्द्याचा विचार न करता अधिकारी व सामान्य खलाशी या दोघांनाही ते देण्यात आले, हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्यानंतर सर जॉर्ज नेअर्झ याच्या १८७५-७६ च्या आर्क्टिक मोहिमेसाठी दुसरे पदक निघाले. ते मात्र वर्तुळाकार होते.

स्वरूप : ध्रुव पदकाच्या दर्शनी बाजूवर तत्कालीन राजाची वा राणीची प्रतिमा असते. मागील बाजूवर हिवाळी तळावर बर्फात उभे असलेले ‘डिस्कव्हरी’ जहाज व पुढे स्लेज गाडी घेऊन निघालेली तुकडी कोरलेली आहे. फीत पांढरी असून तीवर बसविलेल्या धातूच्या पट्टीवर प्रदेशाचे नाव व मोहिमेची वर्षे लिहिलेली असतात. तोच मानकरी पुन्हा पात्र ठरल्यास त्याला दुसरे पदक न देता आणखी एक पट्टी देतात. फ्रँक वाइल्ड व अर्नेस्ट जॉइस या दोघांनाच रौप्यपदकावर चार पट्ट्या मिळाल्या.

आरंभी पदकाचे रौप्य व कांस्य असे दोन प्रकार होते. स्कॉटच्या मोहिमेतील सदस्यांना रौप्यपदके, तर तिच्या मदतीस गेलेल्या ‘मॉर्निंग’ व ‘टेरा नोव्हा’ या जहाजांवरील लोकांना कांस्यपदके देण्यात आली. पुढे सर अर्नेस्ट शॅकल्टन (१८७४–१९२२) याची ‘निमरॉड’ मोहीम (१९०७–०९) व स्कॉटची अखेरची ‘टेरा नोव्हा’ मोहीम (१९१०–१३) यांतील सदस्यांनाही पदके मिळाली. दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्यू पावलेल्या स्कॉट व त्याच्या सोबत्यांची पदके त्यांच्या आप्तांकडे सुपूर्द करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर कांस्यपदकाची प्रथा मागे पडली.

‘एन्ड्युअरन्स’ मोहीम व नाकारलेली पदके : मोहिमेच्या नेत्याची शिफारस हा पदकदानाचा मुख्य आधार असे. या पद्धतीतील उणीव शॅकल्टनच्या १९१४–१७ च्या अंटार्क्टिका-पार मोहिमेत ठळकपणे दिसून आली. त्याचे ‘एन्ड्युअरन्स’ जहाज जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रातील बर्फात अडकले. बर्फाच्या दाबाने ते मोडू लागल्यावर २७ ऑक्टोबर १९१५ रोजी २८ जणांनी तरंगत्या बर्फावर मुक्काम हलविला. जहाज २१ नोव्हेंबरला बुडाले. डिसेंबरअखेर बर्फावरून नावा ओढीत नेण्याचा प्रयत्न चालू असता जहाजावरील सुतार हॅरी मॅकनिश (१८७४–१९३०) याने पुढे चालण्यास नकार दिला. जहाज नष्ट झाल्याने खलाशांचा नोकरीचा करार संपुष्टात आला आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. शॅकल्टनने सर्वांसमोर करारनामा वाचून दाखवून आपला अधिकार कायम असल्याचे बजावले. मॅकनिश कामावर परतला. परंतु शॅकल्टनने या प्रसंगाची कटू नोंद आपल्या दैनंदिनीत केली. ती वाटचालही थोड्याच दिवसांत सोडून द्यावी लागली.

एप्रिल १९१६ मध्ये तीन नावांतून सर्व जण एलिफंट बेटावर पोहोचले. तेथून मदत मिळण्याची शक्यता नव्हती. म्हणून ‘जेम्स केर्ड’ या नावेतून सु. १,३०० किमी. अंतरावरील साउथ जॉर्जिया बेट गाठण्याचे ठरले. नाव उघडी होती. तिच्या कडा मॅकनिशने उंच केल्या. स्लेजच्या पट्ट्या, खोक्यांची झाकणे व कॅनव्हास वापरून तिच्यावर आच्छादन उभारले आणि सांधे बुजविण्यासाठी चित्रकाराचे तैलरंग व सीलचे रक्त वापरले. २४ एप्रिलला निघालेली ही नाव १० मे रोजी साउथ जॉर्जियास पोहोचली. तीत शॅकल्टन, वर्स्ली, क्रीन, मॅकार्थी, व्हिन्सेंट व स्वतः मॅकनिश असे सहा जण होते. बेटावर मागे राहिलेल्या २२ जणांची सुटका चिलीच्या ‘येल्चो’ या जहाजाने ३० ऑगस्ट १९१६ रोजी केली.

मोहिमेनंतर बहुतेक सर्वांना रौप्य वा कांस्य पदके मिळाली. ब्वेनस एअरीझ येथे लपून जहाजावर चढलेला पर्स ब्लॅकबरो हाही कांस्यपदकाचा मानकरी ठरला. मॅकनिश, जॉन व्हिन्सेंट, विल्यम स्टीव्हन्सन व अर्नेस्ट होल्नेस या चौघांना मात्र पदक मिळाले नाही. ज्या नाविक सफरीवर सर्वांचे प्राण अवलंबून होते तिच्यातील सहांपैकी दोघे या चौघांत होते. मासेमारी जहाजांवरून आलेले इतर तिघेही साधे खलाशी वा भट्टीवरील कामगार होते. मोहिमेतील शल्यचिकित्सक अलेक्झांडर मॅक्‌लिन याने पुढे मॅकनिशला वगळणे हा घोर अन्याय असल्याचे मत नोंदविले. त्या तिघांविषयीही, ते स्वभावाने फारसे प्रिय नसले तरी त्यांनी मोहिमेला कधी दगा दिला नाही, असे त्याने म्हटले आहे.

शॅकल्टनच्या बाजूनेही विचार करणे आवश्यक आहे. निराधार बर्फावर एका माणसाची अवज्ञा सर्वांच्या नाशास कारण होऊ शकली असती व शिस्त हेच नेत्याचे एकमेव साधन होते. तथापि पदक हे आज्ञाधारकतेचे प्रमाणपत्र की कामगिरीचा गौरव, हा प्रश्न यातून उभा राहतो. १८५७ च्या पदकात सर्व दर्जाच्या लोकांना समान मानण्याचे जे तत्त्व होते, ते येथे एका व्यक्तीच्या मताधीन झाले. नावेच्या बांधणीतील मॅकनिशचे कौशल्य व त्याची अवज्ञा ही दोन्ही खरी होती. पदकाच्या यादीत केवळ दुसरीची दखल घेतली गेली.

मॅकनिश १९३० मध्ये न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे निर्धन अवस्थेत वारला. कारोरी दफनभूमीतील त्याच्या थडग्यावर न्यूझीलंड अंटार्क्टिक सोसायटीने १९५९ मध्ये शिला बसविली. मोहिमेत शॅकल्टनच्या आज्ञेने गोळी घातलेल्या त्याच्या मांजराची कांस्यमूर्ती २००४ मध्ये तीवर ठेवण्यात आली. मॅकनिशला मरणोत्तर पदक द्यावे, अशी मागणी वेळोवेळी झाली. ‘एन्ड्युअरन्स’चे अवशेष मार्च २०२२ मध्ये वेडेल समुद्रात ३,००८ मी. खोलीवर सापडले.

उत्तरकाल : वायव्य मार्ग पार करणाऱ्या कॅनडाच्या ‘सेंट रॉक’ या जहाजावरील हेन्‍री लार्सन व त्याचे सहकारी, तसेच शॅकल्टनचे अपुरे राहिलेले अंटार्क्टिका-पार गमन सिद्धीस नेणाऱ्या १९५५–५८ च्या राष्ट्रकुल मोहिमेतील व्हिव्हियन फुक्स व एडमंड हिलरी हेही या पदकाचे मानकरी होत. १९६८ पासून मोहिमेतील सर्वांना सरसकट पदक न देता वैयक्तिक कामगिरी पाहून ते देण्याचा नियम झाला.

अन्य देशांतही अशी पदके आहेत. फ्रित्यॉफ नान्सेनच्या ‘फ्राम’ सफरीतील सदस्यांसाठी १८९६ मध्ये व रोआल आमुनसेनच्या दक्षिण ध्रुव मोहिमेसाठी १९१२ मध्ये नॉर्वेत स्मृतिपदके काढण्यात आली. रॉबर्ट पीअरीच्या १९०८-०९ च्या मोहिमेतील सोबत्यांसाठी अमेरिकेच्या काँग्रेसने १९४४ मध्ये पदक मंजूर केले. त्यामुळे पीअरीचा कृष्णवर्णीय सहकारी मॅथ्यू हेन्सन यास सु. ३५ वर्षांनी सरकारी मान्यता लाभली. ऑस्ट्रेलिया (१९८७), न्यूझीलंड (२००६) व कॅनडा (२०१५) यांनी पुढे आपापली स्वतंत्र पदके सुरू केली.