दिनविशेष : ऑगस्टचा पहिला शनिवार

अमेरिकेच्या केंटकी राज्यात, पश्चिमेकडच्या ग्रेव्ह्ज काउंटीत, फॅन्सी फार्म नावाचे काही शे वस्तीचे गाव आहे. तिथल्या सेंट जेरोम या कॅथलिक चर्चची ‘पिकनिक’ १८८० पासून भरते. आपण तिला जत्राच म्हणू. निखाऱ्यांवर तासन्‌तास भाजलेले मेंढीचे आणि डुकराचे मांस विकून चर्चच्या कामांसाठी पैसा उभा करायचा, हा तिचा मूळ हेतू. १९८२ मध्ये इथे सुमारे १५,००० पौंड मांस खपले आणि गिनीज बुकात नोंद झाली. बातम्यांत मात्र दिसतात ती पुढाऱ्यांची भाषणे आणि त्यांची हुर्यो उडवणारी गर्दी. त्यामुळे जत्रा राजकारणावर जगते, असे म्हटले जाते. ते पटत नाही. २०२० मध्ये करोनामुळे भाषणे रद्द झाली, तरी मांसविक्री झाली. लोकांनी गाडीत बसूनच पुडकी नेली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दान द्यायचेच तर सरळ द्यावे, मध्ये जेवणावळ कशाला? पण दानपेटीत फक्त पैसा पडतो. भट्टीपाशी ज्याचा खिसा रिकामा आहे तोही रात्र जागून आपला वाटा देऊ शकतो, आणि घेणाऱ्याला उपकाराचे ओझे वाटत नाही, कारण त्याने जेवणाचे दाम मोजलेले असतात. आपल्याकडच्या भंडाऱ्यात जेवण फुकट असते, एवढाच काय तो फरक. ही जत्रा आजही ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी भरते.