'फक्त लिहायचं राहिलंय' म्हणण्याआधी

"काम झालंय, आता फक्त लिहायचं राहिलंय." पीएच.डी. करणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. मीही ते गाईडना सांगितलंय. त्यात एक गृहीतक आहे: आधी वस्तू तयार होते, मग तिच्याबद्दल लिहायचं. हे गृहीतक किती कच्चं आहे, ते तंत्रज्ञानाच्या इतिहासातल्या एका उदाहरणावरून बघू.

1971 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवत होते. त्या वर्षाच्या उत्तरार्धात पेटंट विभागातले तीन टायपिस्ट तिच्यावर पेटंटचे अर्ज टाइप करू लागले. म्हणजे ती न बनवलेली माणसं ती रोज वापरू लागली. 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख असलेली मॅन्युअलची पहिली आवृत्ती निघाली. प्रत्येक कमांडचं नाव, वापरायची रीत, वर्णन हे सगळं ठरलेल्या क्रमाने. आणि शेवटाकडे 'बग्ज' असा मथळा. कुठे काय चुकतं, ते बनवणाऱ्यांनीच तिथे लिहायचं!

त्यांचे विभागप्रमुख डग मॅकिलरॉय यांनी पुढे सांगितलंय, की नवी आवृत्ती निघायची म्हटलं की एकच धावपळ उडायची. एखादी गोष्ट छापायला लाज वाटली, की प्रोग्रामच बदलला जायचा. एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणारी 'पाइप'ची सोय 1973 मध्ये आली, तेव्हा तिच्यासाठी '>' हे चिन्ह होतं. आउटपुट फाइलमध्ये पाठवायलाही तेच! लंडनच्या व्याख्यानात हे लोकांसमोर कसं मांडायचं, या संकोचातून थॉम्प्सनने उभी रेघ शोधली. आजही आपण तीच वापरतो.

इथे लिहिणारे आणि बनवणारे एकच होते, म्हणून लिहिताना सापडलेला दोष लगेच दुरुस्त व्हायचा. पुढे ही कामं वेगळी झाली. आता टेक्निकल रायटरला बऱ्याचदा अगदी शेवटी बोलावतात. "हे मला समजावून सांगता येत नाहीये" ही त्याची तक्रार खरं तर डिझाइनची चाचणीच असते, पण तोवर काही बदलायला वेळच उरलेला नसतो.

तुम्ही यातून दोन गोष्टी घ्या. एक, जुनी मॅन्युअल्स इतिहासाचं साधन म्हणून वाचा. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून काय गळलं, काय आलं ते पाहा. दुसरी, आपल्या संशोधनपद्धतीवर याच आठवड्यात एक पान लिहा आणि दुसऱ्या विभागातल्या मित्राला वाचायला द्या. तो जिथे अडखळेल, तिथे आधी पद्धत तपासा, भाषा नंतर.

आणि हो, पानाच्या शेवटी 'बग्ज' लिहायला विसरू नका.