भावयित्रीचे लेखन : ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांचा इतिहास

१

‘रसिक’ आणि ‘चाहता’ हे दोन शब्द एकाच व्यवहाराचा निर्देश करतात; परंतु त्यांचे सांस्कृतिक मोल सारखे नाही. रसिकाच्या पाठीशी शास्त्र उभे आहे. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याचे मनोदर्पण निर्मळ झाले आहे आणि वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्याच्या ठायी आली आहे, तो सहृदय, असे अभिनवगुप्ताने मानले. राजशेखराने तर ‘काव्यमीमांसे’त आस्वादकाच्या ठायीही प्रतिभा कल्पिली आणि कवीच्या कारयित्री प्रतिभेशेजारी भावकाच्या भावयित्री प्रतिभेला स्थान दिले. चाहत्याला असा आधार मिळालेला नाही. इंग्रजीतील ‘फॅन’ हा शब्द ‘फॅनॅटिक’चे लघुरूप मानला जातो आणि त्याची व्युत्पत्ती देवळाचा वाचक असलेल्या लॅटिन शब्दापर्यंत पोचते. देवळात अंगात आलेल्या भक्ताची प्रतिमा अशा रीतीने या शब्दाला जन्मापासून चिकटलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तो बेसबॉलच्या प्रेक्षकांना लावला गेला, पुढे नाटक-चित्रपटांच्या प्रेक्षकवर्गाला. त्यातील उपहासाची छटा मात्र पुसली गेली नाही.

विसाव्या शतकातील टीकाविचाराने या उपहासाला तात्त्विक रूप दिले. अडोर्नो आणि होर्कहायमर यांनी १९४० च्या दशकात ‘संस्कृती-उद्योगा’ची जी मीमांसा केली, तीत लोकप्रिय कलेचा ग्राहक हा तयार साच्यांचा स्वीकार करणारा ठरतो. त्यांच्या मीमांसेतील सत्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु आस्वादक त्या साच्याचे पुढे काय करतो, हा प्रश्न तीत पुरेसा विचारलाच गेला नाही. त्याचे एक विस्तृत उत्तर ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांच्या इतिहासात सापडते.

२

जीन रॉडनबेरी यांची ही मालिका एन.बी.सी. वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. ‘एंटरप्राइज’ नावाचे अंतराळयान, त्याचा धाडसी कप्तान कर्क आणि अर्धा मानव व अर्धा परग्रहवासी असा तर्कनिष्ठ अधिकारी स्पॉक ही तिची मुख्य सामग्री. तिचा प्रेक्षक मात्र आधीच घडलेला होता. १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी काढलेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली जात. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले, त्यांची मंडळे झाली, आणि १९३० पासून त्यांची हौशी नियतकालिके निघू लागली. अशा नियतकालिकांना १९४० मध्ये ‘फॅनझीन’ हे नाव मिळाले. मालिका प्रक्षेपित होण्यापूर्वीच रॉडनबेरी यांनी तिचा नमुना-भाग क्लीव्हलंड येथील जागतिक विज्ञानकथा संमेलनात दाखवला होता. या वाचकवर्गाचे महत्त्व त्यांनी ओळखले होते, असाच याचा अर्थ होतो.

दुसऱ्या पर्वात मालिका बंद पडण्याची चिन्हे दिसू लागली. दूरचित्रवाणीच्या अर्थव्यवहारात प्रेक्षक ही जाहिरातदाराला विकली जाणारी संख्या असते, आणि ती संख्या पुरेशी नव्हती. तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. प्रत्येकाने दहा जणांना लिहावयास सांगावे व त्या प्रत्येकाने आणखी दहा जणांना, अशी तिची रचना होती. जानेवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी बरबँक येथील वाहिनीच्या कार्यालयावर मोर्चा नेला. एक लाखाहून अधिक पत्रे आल्याचे वाहिनीनेच सांगितले, आणि १ मार्च १९६८ रोजी मालिका चालू राहणार असल्याची घोषणा पडद्यावरून केली. संख्येच्या रूपात मोजल्या जाणाऱ्यांनी आपण वाक्ये लिहू शकतो हे दाखवून दिले होते. विजय अल्पजीवी ठरला. तिसऱ्या पर्वाला शुक्रवारी रात्री दहाची गैरसोयीची वेळ आणि कमी पैसा मिळाला. १९६९ मध्ये ७९ भागांनंतर मालिका संपली.

चाहत्यांचा खरा इतिहास या समाप्तीनंतर आकाराला येतो. स्थानिक वाहिन्यांवर जुने भाग पुनःपुन्हा दाखवले जाऊ लागले. एकदा पाहून विसरण्यासाठी निर्माण झालेली वस्तू त्यामुळे पुनर्वाचनाची संहिता बनली. अनुशीलन ही सहृदयतेची पहिली अट येथे पुनःप्रक्षेपणाने पुरवली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांचे संमेलन भरले. संयोजकांनी काही शेकड्यांची अपेक्षा धरली होती. तीन हजारांहून अधिक माणसे आली. बंद पडलेल्या मालिकेसाठी ती जमली होती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

३

या इतिहासाचा साहित्यविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा धागा मात्र संमेलनांहून शांत जागी आहे. सप्टेंबर १९६७ मध्ये डेव्हरा लँगसॅम आणि शेर्ना कॉमरफोर्ड यांनी ‘स्पॉकनेलिया’ हे ‘स्टार ट्रेक’ला वाहिलेले पहिले फॅनझीन काढले. पुढील दशकात सायक्लोस्टाइलवर काढलेली अशी कितीतरी नियतकालिके टपालाने फिरू लागली. त्यांत स्पॉकच्या ग्रहाच्या भाषेविषयी व चालीरीतींविषयी लेख असत, भागांवर वादविवाद असत, आणि मालिकेतील पात्रांना घेऊन रचलेल्या नव्या कथा असत. या कथा लिहिणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. किंमत साधारणतः छपाई व टपालखर्च भागेल एवढीच असे.

१९६७ हे साल योगायोगाने सूचक आहे. त्याच वर्षी रोलाँ बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध प्रथम इंग्रजीतून प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी हान्स रॉबर्ट याऊस यांनी कोन्स्टान्स येथील व्याख्यानात साहित्येतिहासाच्या केंद्रस्थानी वाचकाला आणले. यांतील कोणाचीही दुसऱ्याला वार्ता नव्हती. तरीही चाहत्या स्त्रियांची लेखनकृती या सिद्धान्तांचे नुसते उदाहरण ठरत नाही. बार्थचा वाचक निनावी आहे. त्याला ना चरित्र आहे ना इतिहास. या वाचक स्त्रियांना नावे होती, पत्ते होते, नोकऱ्या व संसार होते. शिवाय लेखकाचा मृत्यू त्यांना मुळीच अभिप्रेत नव्हता. रॉडनबेरी यांच्याविषयी त्यांना आदर होता, आणि मूळ भागांतील प्रत्येक तपशील त्या प्रमाण मानीत. लेखकावर श्रद्धा असूनही त्याने सोडलेल्या जागा आपण भरू शकतो, अशी ही भूमिका होती.

वोल्फगांग इझर यांनी पुढे १९७६ मध्ये वाचनप्रक्रियेतील ‘रिक्त स्थानां’ची सविस्तर मांडणी केली. ती स्थाने वाचक मनात भरतो. येथे ती कागदावर भरली गेली, आणि म्हणून इतरांच्या टीकेला खुली झाली. या टीकेची धार किती होती, हे पॉला स्मिथ यांच्या १९७३ मधील एका छोट्या विडंबनावरून दिसते. नवोदित लेखिका स्वतःच्या स्वप्नातील सर्वगुणसंपन्न तरुणीला यानावर पाठवीत आणि सर्व पात्रे तिच्यावर लुब्ध होत. स्मिथ यांनी अशा नायिकेला ‘मेरी स्यू’ हे नाव दिले. ते पुढे टीकेची संज्ञा म्हणून इंग्रजीत रूढ झाले. तन्मयतेचा दोष कोठे सुरू होतो, याची ही समीक्षा आस्वादकांच्याच वर्तुळात, विद्यापीठाच्या साहाय्यावाचून, जन्मली. अभिनवगुप्तानेही स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे हे रसविघ्नांत गणले होते, याचे येथे स्मरण होते.

१९७४ पासून कर्क आणि स्पॉक यांच्यातील स्नेहाला प्रणयाचे रूप देणाऱ्या कथाही छापल्या जाऊ लागल्या. दोन नावांमधील तिरप्या रेघेवरून हा प्रकार ‘स्लॅश’ म्हणून ओळखला गेला. स्त्रियांनी दोन पुरुषांच्या प्रेमकथा का लिहाव्यात, या प्रश्नाला जोॲना रस या विज्ञानकथा-लेखिकेने १९८५ मध्ये गंभीरपणे हात घातला. रूढ प्रणयकथेत स्त्रीच्या वाट्याला येणारी दुय्यमता टाळून समानांमधील प्रेमाची कल्पना करण्याची ती वाट होती, असा अन्वयार्थ या कथांतून काढता येतो. मालिकेने यानावर स्त्रियांना जागा दिली होती, परंतु कथेच्या केंद्रात नव्हे. ज्या कथेवर प्रेम केले, तिच्यातील उणिवेला दिलेला हा प्रतिसाद होता. दोष दाखवण्याची टीकाकाराची रीत येथे दोष दुरुस्त करून लिहिण्याची रीत झाली.

४

उपहास थांबला नाही. डिसेंबर १९८६ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात खुद्द कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर यांनी एका प्रहसनात चाहत्यांना खडसावले. हेन्री जेंकिन्स यांच्या १९९२ मधील ‘टेक्स्चुअल पोचर्स’ या ग्रंथाचा आरंभ याच प्रहसनाच्या चर्चेने होतो. मिशेल द सर्तो याने वाचकाला दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणाऱ्याची उपमा दिली होती. ती जेंकिन्स यांनी स्वीकारली आणि बदलली. सर्तोचा वाचक मिळवलेले साठवीत नाही. चाहते मात्र साठवतात, छापतात, एकमेकांना देतात. तरीही या उपमेत एक अडचण उरते. शिकारचोर म्हटले की रानाचा मालक आधीच मान्य केल्यासारखे होते.

हा मालकीचा प्रश्न पुढे उघडपणे उभा राहिला. १९७६ मध्येच निवडक चाहत्यांच्या कथांचा संग्रह एका व्यावसायिक प्रकाशनाने काढला होता. त्या लेखनाचे बाजारमूल्य तेव्हाच ध्यानात आले होते. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरामाउंट आणि सी.बी.एस. यांनी ‘ॲक्सनार’ या चाहत्यांच्या चित्रपटाविरुद्ध दावा लावला. जून २०१६ मध्ये त्यांनी चाहत्यांच्या चित्रपटांसाठी नियम जाहीर केले : एका कथेची लांबी पंधरा मिनिटे, फार तर दोन भाग मिळून तीस. मोठा निधी गोळा करून उभारलेल्या निर्मितीला अटकाव करण्यात मालकांची बाजू अगदीच निराधार नव्हती. परंतु ज्यांच्या पत्रांनी ही कथा एकेकाळी जिवंत ठेवली, त्यांच्या प्रेमाला आता मिनिटांचे माप लागले. उलट दिशेचा प्रयत्नही याच काळातला आहे. २००७ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ या संस्थेने चाहत्यांच्या लेखनाचे विनामूल्य संग्रहालय उभारले. व्हर्जिनिया वुल्फच्या निबंधाची आठवण देणारे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे त्याचे नाव. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

या लेखनाचा गौरव करताना त्यातील सामान्य, पुनरुक्त व भाबड्या भागाकडे डोळेझाक करण्याची गरज नाही. चाहत्यांचे प्रेम कधी कधी मालकीहक्काच्या भाषेत बोलते आणि नव्या अर्थांना विरोध करते, हेही खरे. परंतु साहित्यव्यवहाराचा इतिहास लिहिताना या सायक्लोस्टाइल पानांना वगळणे आता शक्य नाही. आस्वाद आधी आणि समीक्षा नंतर, निर्मिती वेगळी आणि ग्रहण वेगळे, ही सोयीची विभागणी त्या पानांवर टिकत नाही. राजशेखराने जिला भावयित्री म्हटले, तिने येथे लेखणी हाती घेतली. आणि तिने लिहिलेले आपले म्हणण्याचा अधिकार तिला आहे काय, याचे उत्तर कायदा देऊ लागला असताना साहित्यशास्त्राने मात्र अद्याप हा प्रश्न पुरता आपला मानलेला नाही.