वस्त्रशुष्कन, हिवाळी

थंड हवामानात, उघड्या जागी, धुतलेल्या वस्त्रांतील जलांश बाष्परूपाने निघून जाण्याची क्रिया (पहा : बाष्पीभवन).

दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून १८१० मध्ये उदयास आलेल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दक्षिणेकडील मराठी कुटुंबे स्थायिक झाली, आणि सोवळ्याची वस्त्रे उंच दांडीवर काठीने वाळत घालण्याचा दस्तूरही त्यांच्याबरोबर तेथे आला.

वस्त्र वाळण्याचा वेग केवळ उष्णतेवर नव्हे, तर हवेच्या कोरडेपणावर व वाऱ्यावरही अवलंबून असतो. एक घनमीटर हवा ३०° से. तापमानास सुमारे ३० ग्रॅम, तर १०° से.ला जेमतेम ९ ग्रॅम बाष्प सामावू शकत असल्याने, ग्वाल्हेरातील डिसेंबर-जानेवारीच्या दाट धुक्यात, जेव्हा हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते, तेव्हा पिळून घातलेले नऊवारी लुगडे दिवसभर दमटच राहते (पहा : धुके). उलटपक्षी पश्चिमी विक्षोभ ओसरून वायव्येचे कोरडे वारे सुटले, की गारठा वाढूनही तेच लुगडे लवकर वाळते. तेथे डिसेंबरअखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४०° उंचीवरच असल्याने दक्षिणाभिमुख गच्ची अधिक उपयुक्त ठरते; सूर्यास्तानंतर बाहेर राहिलेले कापड दवाने पुन्हा भिजते (पहा : दवबिंदू).

गोठणबिंदूखाली कापडातील पाण्याचे बर्फ होऊन ते द्रवरूप न होताच वाफेत रूपांतरित होते (पहा : संप्लवन). ग्वाल्हेरात पारा इतका खाली क्वचितच उतरतो. हिमालयातील उंच वस्त्यांत मात्र ही क्रिया नित्याची आहे.

महत्त्व : दमट राहिलेल्या कापडावर बुरशी वाढते व त्यास कुबट वास येतो.