रॅग्नारॉक

नॉर्स पुराणकथांतील जगाचा अंत. देव आणि त्यांचे शत्रू यांच्यातील अखेरचे युद्ध, त्यात दोन्ही पक्षांचा संहार, सृष्टीचे दहन व पुनरुद्भव असा हा कथाभाग आहे. ‘व्होलुस्पा’ हे काव्य आणि स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) याने १२२० च्या सुमारास लिहिलेला गद्य ‘एड्डा’ ही त्याची मुख्य साधने. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इ. स. १००० च्या सुमारास, म्हणून लेखी रूपातील या कथेवर ख्रिस्ती कल्पनांची छाया किती, हा वाद जुनाच आहे. मात्र लांडग्याच्या जबड्यात पाय अडकलेला देवप्रमुख ओडिन आइल ऑफ मॅनवरील दहाव्या शतकातील एका शिलेवर कोरलेला आढळतो. तेव्हा कथेचा गाभा स्नोरीहून बराच जुना मानावा लागतो.

या अंताची वार्ता देवांना आधीच कळलेली असते. ओडिन रणात पडलेले वीर वल्हाल्ला या आपल्या महालात गोळा करतो, ते याच दिवसासाठी. वल्हाल्लाला ५४० दारे आणि प्रत्येकातून बाहेर पडणारे ८०० योद्धे, असे ‘ग्रिम्निस्माल’ काव्य सांगते. गुणाकार ४,३२,००० येतो. कलियुगाची वर्षेही तितकीच. पण जुन्या नॉर्स गणनेत ‘शंभर’ म्हणजे बहुधा १२०, त्यामुळे या जुळणीवर सिद्धांत उभारू नये.

अंत जवळ आला की मध्ये उन्हाळा न येता सलग तीन हिवाळे लोटतात, भाऊ भावाला मारतो, लांडगे सूर्यचंद्र गिळतात. देवांनी बांधून ठेवलेले कपटी लोकी आणि फेनरिर लांडगा सुटतात. फेनरिर ओडिनला गिळतो. मेघगर्जनेचा देव थॉर पृथ्वीला वेढणाऱ्या महासर्पाला मारतो, पण त्याच्या विषाने नऊ पावलांवर कोसळतो. फ्रेयर या देवाने गेर्ड या राक्षसकन्येसाठी आपली तलवार देऊन टाकलेली असते. म्हणून तो अग्निराक्षस सुर्टपुढे टिकत नाही. देवांचा पहारेकरी हाइमडाल आणि लोकी एकमेकांना ठार करतात. शेवटी सुर्ट सारे जग पेटवतो.

सामान्य माणसाचा वाटा स्नोरीने नोंदवला आहे, आणि या कथेतील सर्वांत अस्सल लोकसमजुती त्यातच असाव्यात. शत्रूंचे नागल्फार जहाज मृतांच्या नखांचे असते. ते पुरे व्हायला उशीर लागावा म्हणून कोणालाही नखे वाढलेली असताना मरू देऊ नये. उलट जोडे शिवताना चवडा व टाच यांच्याकडील कातडीचे तुकडे टाकून द्यावेत, कारण त्यांतूनच ओडिनपुत्र विदारचा जाड जोडा बनतो. त्याच पायाने फेनरिरचा खालचा जबडा दाबून तो बापाचा सूड घेतो.

पुढे समुद्रातून हिरवी पृथ्वी वर येते. मृत देव बाल्डर परततो, लीफ आणि लीफथ्रासिर या जोडप्यापासून मानववंश पुन्हा वाढतो. ‘व्होलुस्पा’च्या अखेरीस मात्र निडहॉग हा सर्प पंखांवर प्रेते घेऊन उडत येतो. तो जुन्या जगाचा अवशेष की नव्या जगातील संकट, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.