उत्पादन-माहिती प्रतिमान

उत्पादन-माहिती प्रतिमान : विक्रीच्या वस्तूंची माहिती कोणत्या घटकांत, गुणधर्मांत व परस्परसंबंधांत साठवावी हे ठरवणारा आराखडा. एडगर कॉड यांचे संबंधात्मक प्रतिमान (१९७०) व पीटर चेन यांचे घटक-संबंध प्रतिमान (१९७६) हे त्याचे मूलाधार (पहा : डेटाबेस). त्यात वर्गवारी, गुणधर्म, एकके, भाषांतरे व चित्रे येतात. सर्वांत नाजूक भाग प्रकारभेदांचा : सदऱ्याचे कापड व वर्णन मूळ नोंदीत एकदाच लिहितात, माप, रंग आणि बारकोड क्रमांक मात्र प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र देतात (पहा : बारकोड). वर्गागणिक गुणधर्म बदलतात, म्हणून काही प्रतिमानांत वस्तू-गुणधर्म-मूल्य अशा तिहेरी नोंदी ठेवतात. त्याने लवचिकता वाढते, पण शोध मंदावतो. दुकान, संकेतस्थळ व छापील सूचिपत्र यांना एकाच नोंदीतून माहिती पुरवता येते.