ठाकुर्लीची वीज आणि तिचा लगाम

डोंबिवलीहून कल्याणकडे निघाले की ठाकुर्ली स्थानक लागते. रेल्वेचे चोळा वीजघर येथेच होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत धावली. ठाकुर्लीचे वीजघर १९२९ मध्ये सुरू झाले. उपकेंद्रांतून गाड्यांच्या तारेला मिळे तो १,५०० व्होल्टचा दिष्ट प्रवाह. तो पुरवणे अवघड नव्हते, वेळेवर तोडणे अवघड होते.

घरात दहा-पंधरा अँपिअर लागतात आणि तारा एकमेकींना चिकटल्या तर शेकडो वाहू लागतात. त्यामुळे वितळतारेची गल्लत होत नाही. रेल्वेत मात्र दोन-तीन भरलेल्या गाड्या एकदम सुटल्या की उपकेंद्रातून काही हजार अँपिअर जातात. आता समजा, बऱ्याच अंतरावर तार तुटून रुळावर पडली आणि तार व रूळ मिळून रोध ०.५ ओहम आहे. ओहमच्या नियमाने प्रवाह ३,००० अँपिअर. म्हणजे गाड्यांएवढाच! मर्यादा खाली ठेवली तर कामावर निघालेली माणसे वाटेत अडकणार, वर ठेवली तर पडलेली तार जिवंत राहणार.

यावरचा उपाय मला फार आवडतो. प्रवाह किती आहे एवढेच न पाहता तो कसा वाढला हेही पाहायचे. जुन्या लोकलमध्ये मोटरींच्या वाटेतला रोध टप्प्याटप्प्याने काढला जाई, म्हणून प्रवाह पायऱ्या चढल्यासारखा वाढे. तार रुळाला टेकली की मात्र एकच मोठी उडी. ही उडी ओळखणारी यंत्रणा खंडकाला इशारा देते.

दोष उपकेंद्राजवळच झाला तर? रोध ०.०५ ओहम धरला तर प्रवाह ३०,००० अँपिअरवर जाईल; पण तारेच्या प्रवर्तनामुळे तो क्षणात तेथे पोचत नाही. शीघ्र खंडक काही सहस्रांश सेकंदांत उघडतो आणि प्रवाहाला शिखर गाठूच देत नाही. मात्र दिष्ट प्रवाह आपणहून कधी शून्य होत नाही. उघडलेल्या टोकांमध्ये ठिणगीचा चाप पेटून राहतो. चुंबकीय क्षेत्राने तो पन्हळीत ढकलून ताणतात, त्याचे तुकडे करतात. चापाचा दाब पुरवठ्याच्या दाबाहून वाढला की प्रवाह ओसरतो.

मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवरचा दिष्ट प्रवाह २०१६ मध्ये संपला. आता २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो. तेवढ्याच शक्तीला सुमारे सतरावा हिस्सा प्रवाह पुरतो आणि तो सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. खंडकाला तेवढी संधी पुरते.